अहवालात आकडा एकटा छापू नये

रक्ततपासणीच्या अहवालात पोटॅशियमसमोर ५.९ छापलेले असते. शेजारी ३.५ ते ५.१ ही संदर्भ-मर्यादा आणि आकडा तिच्याबाहेर गेल्याची ठळक खूण. हे रक्त किती वाजता काढले, पेशींपासून सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव) किती वाजता वेगळे केले, ते सीरम पिवळे होते की लालसर, तोच नमुना मशीनवर पुन्हा लावला तर ५.९च येईल की ५.८, यातले काहीही त्या कागदावर नसते. प्रयोगशाळेला हे सगळे ठाऊक असते, निदान ठाऊक असायला हवे. डॉक्टरला आणि रुग्णाला मात्र ते कळत नाही. माझे म्हणणे असे की निवडक तपासण्यांसाठी तरी नमुन्याची वेळ आणि स्थिती, तपासणीची पद्धत, आणि आकड्यात किती फरक पडला म्हणजे तो खरा मानायचा, एवढी माहिती आकड्याच्या शेजारीच छापणे बंधनकारक करावे. मागितली तर देऊ, ही आजची भूमिका पुरेशी नाही.

पोटॅशियमपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. लाल रक्तपेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवापेक्षा वीस पटींहून अधिक असते. त्यामुळे थोड्याशा पेशी फुटल्या तरी सीरममधला आकडा वर जातो. पेशी फुटण्याची कारणे रोजचीच आहेत. सुई फार बारीक असते, स्पिरिट वाळायच्या आधीच टोचले जाते, सिरिंजने काढलेले रक्त सुईतूनच दट्ट्या जोरात दाबून ट्यूबमध्ये ढकलले जाते, ट्यूब हळुवार उलटसुलट करण्याऐवजी हलवली जाते. पेशी न फुटताही आकडा वाढू शकतो. टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधून मूठ वारंवार उघडबंद करायला लावली, तर हाताच्या स्नायूंतून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियममुळे लिटरमागे १ मिलिमोल किंवा त्याहून जास्त वाढ होऊ शकते. टूर्निकेट एक मिनिटाच्या आत सोडायचे, हा नियम प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला जातो. शीर सापडत नसली की सर्वांत आधी मोडला जातो तोही हाच नियम. ते जास्त वेळ आवळलेले राहिले तर पाणी शिरेबाहेर झिरपते आणि प्रथिने, त्यांना चिकटलेले कॅल्शियम, कोलेस्टेरॉल सगळेच दाट होते.

वाहतुकीतली चूक आणखी फसवी असते, कारण ती काळजीपोटी होते. सीरम वेगळे न करता संपूर्ण रक्ताची ट्यूब बर्फात ठेवली की नमुना सुरक्षित राहिला असे वाटते. प्रत्यक्षात थंडीत पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर गळू लागते. पेशी फुटलेल्या नसतात, सीरम स्वच्छ पिवळे दिसते, पाहणाऱ्याला काहीच वावगे आढळत नाही. उलट उन्हाळ्यात गरम डब्यात आलेल्या नमुन्यात पहिल्या काही तासांत पोटॅशियम कमी झालेले दिसू शकते, कारण पेशी ग्लुकोज जाळून तो पंप जोमाने चालवत असतात. म्हणजे नमुना खराब झाला तरी चूक वरच्या बाजूला होईल की खालच्या, हे तापमान आणि वेळ कळल्याशिवाय सांगता येत नाही. रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे ट्यूब यंत्रात वेगाने फिरवून, सीरम वेगळे करावे हा सर्वमान्य नियम आहे. तो पाळला गेला की नाही हे अहवाल वाचणाऱ्याला कळायला नको का?

तिसरी चूक ट्यूबच्या क्रमाची. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे पोटॅशियम क्षार असतात. ती आधी भरली आणि नंतर त्याच सुईने सीरमची ट्यूब भरली, किंवा जांभळ्या ट्यूबमधले रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, तर पोटॅशियम वाढते. शिवाय ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवते आणि अल्कलाइन फॉस्फटेज या विकराला (एन्झाइमला) लागणारे मॅग्नेशियम व जस्तही ओढून घेते. म्हणून पोटॅशियम वर आणि कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही खाली, असे त्रिकूट दिसले की जाणता तंत्रज्ञ रुग्णाचा विचार करण्याआधी ट्यूबचा विचार करतो. पण मिसळलेले ईडीटीए अगदी थोडे असेल तर पोटॅशियम नुसते अर्ध्या मिलिमोलने वाढते, कॅल्शियम जेमतेम हलते आणि हे त्रिकूट उमटतच नाही. रक्तकल्चर, मग सायट्रेट, मग सीरम, मग हेपॅरिन, मग ईडीटीए, शेवटी फ्लोराइड हा वेगवेगळ्या ट्यूब भरण्याचा क्रम याचसाठी ठरवलेला आहे.

ग्लुकोजची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे चूक रुग्णाला निरोगी ठरवते. ट्यूबमध्ये पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. खोलीच्या तापमानाला हे प्रमाण तासाला साधारण ५ ते ७ टक्के. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम असलेले रक्त दोन तास तसेच पडून राहिले तर आकडा ११५ च्या आसपास येतो. मधुमेहाची सीमा १२६ आहे. करड्या बुचाच्या फ्लोराइड ट्यूबमुळे हा प्रश्न सुटतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. फ्लोराइड एनोलेज या विकराला अडवते, आणि तो ग्लुकोज फोडणाऱ्या साखळीत शेवटाकडे येतो. आधीचे टप्पे चालूच राहतात, म्हणून पहिला तास-दोन तास घसरण जवळपास तशीच होत राहते. सायट्रेटने आम्लता वाढवलेल्या ट्यूबमध्ये साखळीचा वरचा टप्पाच लगेच थांबतो. म्हणजे १२२ हा आकडा कोणत्या ट्यूबमधून आणि किती वेळाने आला यावर त्याचा अर्थ ठरतो.

ही माहिती गोळा करायला नवे काही उभारावे लागत नाही. आजचे स्वयंचलित ॲनालायझर प्रत्येक नमुन्यावर वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकून फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन, बिलिरुबिन (कावीळीतले पिवळे द्रव्य) आणि चरबीचा गढूळपणा असे तीन निर्देशांक स्वतःच काढतात. डोळ्यांना लालसरपणा दिसू लागतो तो डेसिलिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन झाल्यावर. सीरम कावीळीने गडद पिवळे असेल तर तेव्हाही दिसत नाही. मशीनला दिसते. हे निर्देशांक संगणकात जातात आणि बहुतेक ठिकाणी तिथेच राहतात. ठरावीक सीमेपलीकडचा नमुना नाकारला जातो, सीमेच्या आतला आकडा कुठल्याही शेऱ्याविना छापला जातो. सीमेच्या किंचित आत असलेला नमुना आणि अगदी स्वच्छ नमुना, दोघांचे अहवाल मग एकसारखेच दिसतात. तिथे फक्त ‘हिमोलिसिस (पेशी फुटणे): नाही’, ‘किंचित’ किंवा ‘मध्यम’ एवढे छापायचे आहे. काही प्रयोगशाळा निर्देशांकावरून पोटॅशियम ‘दुरुस्त’ करून देतात, ते मात्र करू नये. पेशी सुईत फुटल्या की रुग्णाच्या शरीरातच फुटत आहेत, हे सूत्राला कळत नाही. शरीरातच फुटत असतील तर वाढलेले पोटॅशियम खरे असते आणि तातडीने उपचार मागते.

वेळेच्या बाबतीत एक सावधगिरी. अनेक ठिकाणी ‘नमुना घेतला’ म्हणून जी वेळ नोंदली जाते ती बारकोड छापल्याची किंवा काउंटरवर पैसे भरल्याची असते. हवी ती ट्यूब भरल्याची वेळ, रक्त काढणाऱ्याने खाटेशेजारी किंवा खुर्चीशेजारी नोंदलेली. दुसरी वेळ सेंट्रिफ्यूजची. या दोन वेळा खऱ्या नसतील तर त्या छापून फसवणूक फक्त वाढेल.

आता त्या ठळक खुणेकडे वळू. संदर्भ-मर्यादा काढताना निरोगी माणसांचा गट घेतात, किमान १२० जणांचा असावा अशी शिफारस आहे, आणि त्यांच्या आकड्यांतला मधला ९५ टक्के भाग मर्यादा म्हणून धरतात. म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एकावर खूण पडणार, हे मुळातच ठरलेले आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या तर निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते. प्रत्यक्षात तपासण्या इतक्या स्वतंत्र नसतात, म्हणून आकडा थोडा कमी भरेल, पण मोठमोठ्या पॅकेजमधून निघणाऱ्या खुणांचा मोठा भाग असाच निर्माण होतो. त्या खुणांमागे पुन्हा तपासण्या, सोनोग्राफी आणि तज्ज्ञांच्या भेटी सुरू होतात.

खूण न पडणे हे मात्र मला जास्त धोकादायक वाटते. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन घ्या. माणसामाणसांतला फरक मोठा, पण एकाच माणसाचा आकडा दिवसेंदिवस फारसा हलत नाही. एखाद्या सडपातळ स्त्रीचे क्रिएटिनिन नेहमी ०.७ असते. आजारपणात ते दोन दिवसांत १.१ होते. मर्यादा ०.६ ते १.२ अशी छापली असेल तर खूण पडणार नाही. पण ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ ही मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची २०१२ पासूनची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे, आणि इथे वाढ ०.४ ची आहे. अहवाल मुका राहिला. याउलट १.०चे १.१ झाले म्हणून झोप उडालेले रुग्ण कितीतरी असतात, आणि तो फरक बहुतेक वेळा काहीच सांगत नसतो.

कोणता फरक बोलका आणि कोणता नाही, हे काढण्याची रीत १९८३ पासून उपलब्ध आहे. दोन गोष्टी लागतात: प्रयोगशाळेच्या मोजणीतले चढउतार, आणि त्या माणसाच्या शरीरात त्या घटकाचे होणारे नैसर्गिक चढउतार, दोन्ही टक्क्यांत. दोघांचे वर्ग करून बेरीज, तिचे वर्गमूळ, आणि त्याला २.७७ ने गुणायचे. आलेल्या टक्केवारीपेक्षा दोन आकड्यांतला फरक मोठा असेल तरच ९५ टक्के खात्रीने काही बदलले असे म्हणता येते. कोलेस्टेरॉलचा शरीरातला चढउतार सुमारे ५.५ टक्के, मोजणीतला ३ धरला, तर उत्तर १७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे २०० चे १८५ झाले तर आहाराने फरक पडला असे कोणी सांगू नये; तोच माणूस काहीही न बदलता पुढच्या महिन्यात तेवढाच खाली किंवा वर जाऊ शकतो. ट्रायग्लिसराइडचा नैसर्गिक चढउतार २० टक्क्यांच्या घरात असल्याने तिथे पन्नास टक्क्यांहून मोठा फरक लागतो. थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचेही जवळपास तसेच, आणि त्याची पातळी रात्री जास्त व दुपारी कमी असते हे वेगळेच. क्रिएटिनिनसाठी १६ टक्के पुरतात. सोडियमचा नैसर्गिक चढउतार मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, म्हणून तिथे प्रयोगशाळेची अचूकताच सगळे ठरवते. नैसर्गिक चढउतारांचे आकडे युरोपीय क्लिनिकल केमिस्ट्री व प्रयोगशाळा वैद्यक महासंघाने खुल्या माहितीसंचात ठेवले आहेत. प्रयोगशाळेने त्यात फक्त आपला मोजणीतला चढउतार घालायचा आणि मागच्या आकड्याशी तुलना करून एक ओळ छापायची.

सीमेवरच्या निदानासाठी हे फारच महत्त्वाचे आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा निर्देशक) ६.५ ला मधुमेहाची रेघ आहे. मोजणीतला चढउतार २ टक्के असलेल्या, म्हणजे चांगल्या, प्रयोगशाळेतही ६.५ चा अर्थ साधारण ६.२५ ते ६.७५ असा होतो. म्हणूनच लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करा असे सांगितलेले असते. कागदावर नुसते ६.५ असेल तर ही सूचना कोणाला आठवणार? त्यात लोहाच्या कमतरतेत हा आकडा फसवा वाढतो, आणि लाल पेशी लवकर मरत असतील तर फसवा कमी होतो.

पद्धतीबद्दल थोडक्यात. क्रिएटिनिन मोजायची जाफेची रीत १८८६ ची आहे आणि स्वस्त म्हणून अजून चालते. अल्कलीतले पिक्रिक आम्ल क्रिएटिनिनखेरीज ॲसिटोॲसिटेट, ग्लुकोज, प्रथिने आणि काही सेफॅलोस्पोरिन औषधांशीही रंग देते, त्यामुळे मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये (रक्तात कीटोन-आम्ले साचण्याच्या गंभीर अवस्थेत) क्रिएटिनिन खोटे वाढलेले दिसू शकते. विकरावर आधारलेल्या पद्धतीत हा त्रास खूपच कमी. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बऱ्याचदा एवढेच कारण असते. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) प्रत्यक्ष मोजले की १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढले, हेही छापावे; ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर ते सूत्र वापरायचेच नसते. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा हा तर वेगळाच धोका. ज्या चाचण्या बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर चालतात त्यांत टीएसएच खोटा कमी आणि मुक्त टी४ (थायरॉइडचे संप्रेरक) खोटा जास्त येऊन थायरॉइड अतिसक्रिय असल्याचे हुबेहूब चित्र तयार होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारा ट्रोपोनिनही खोटा कमी येऊ शकतो आणि हृदयविकाराचा झटका निसटू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. चाचणी त्या जातीची आहे एवढे अहवालावर असले तर डॉक्टर निदान गोळ्यांबद्दल विचारेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे नियमांत आहेच. प्रयोगशाळांसाठीचे आयएसओ १५१८९ हे मानक मोजणीची अनिश्चितता काढायला सांगते. पण ती वापरणाऱ्याला द्यायची ती त्याने मागितल्यावर. रक्त काढल्याची वेळही उपचारासाठी महत्त्वाची असेल तेव्हाच. हे ‘मागितल्यावर’ आणि ‘तेव्हाच’ काढून टाकावे, एवढीच माझी मागणी आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेला डॉक्टर प्रत्येक अहवालामागे अनिश्चितता मागायला फोन करणार नाही, आणि रुग्णाला तर असे काही मागता येते हेच माहीत नसते.

दुसरा आक्षेप रुग्ण गोंधळेल हा. रुग्ण आजच गोंधळलेला आहे. तो खुणा मोजतो, मग शोधत बसतो. त्याला ‘मागच्या वेळेपेक्षा झालेला फरक नेहमीच्या चढउतारात मोडतो’ हे वाक्य दिले तर गोंधळ कमीच होईल. वाक्य साध्या भाषेत हवे, टक्केवारीचे सूत्र नको.

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. ‘चढउतार’ हा शब्द छापला की ढिसाळ प्रयोगशाळांना पांघरूण मिळेल, असे काही जाणकार म्हणतात. मोजणी जितकी वाईट तितकी तिची सूट मोठी. हे टाळायचे तर छापलेला मोजणीतला चढउतार प्रयोगशाळेच्या स्वतःच्या किमान सहा महिन्यांच्या कंट्रोलच्या (आकडा आधीच ठाऊक असलेल्या नमुन्याच्या) नोंदींतून आलेला असावा, आणि तो तपासणीनिहाय जाहीर असावा. मग मोठी सूट घेणारी प्रयोगशाळा स्वतःच उघडी पडते. इथेच नेहमीची पळवाट बंद करावी लागेल. १९५० पासून कंट्रोलचे रोजचे आकडे मांडणारे लेव्ही-जेनिंग्स आलेख वापरात आहेत. त्यावर सरासरीपासून दोन प्रमाण-विचलनांची (चढउताराच्या मापाची) रेघ ओलांडली की थांबायचे, असा कडक नियम ठेवला तर दोन कंट्रोल लावणाऱ्या प्रयोगशाळेत सगळे ठीक असतानाही सुमारे ९ टक्के वेळा खोटी घंटा वाजते. म्हणून १९८१ मध्ये प्रयोगशाळा-गुणवत्तेचे अभ्यासक वेस्टगार्ड यांनी अनेक नियमांची साखळी मांडली. पण कामाच्या रेट्यात बऱ्याच ठिकाणी वेगळेच होते: कंट्रोल बाहेर गेला की कारण न शोधता तोच पुन्हा लावायचा, आत येईपर्यंत. किंवा कंट्रोलच्या बाटलीसोबत आलेल्या कागदावरची ऐसपैस मर्यादाच आपले प्रमाण-विचलन म्हणून भरायची. ती मर्यादा वेगवेगळ्या प्रयोगशाळांतला फरक पोटात घेऊन काढलेली असते. एका प्रयोगशाळेच्या खऱ्या चढउतारापेक्षा ती कितीतरी रुंद असते, आणि तिच्यावर बसवलेला कोणताही नियम वेळेवर मोडत नाही. मशीन सरकत राहते, आलेख सपाट दिसतो. परीक्षकांनी आलेख पाहण्याआधी त्यातले प्रमाण-विचलन कुठून आले हे विचारावे, आणि बाह्य गुणवत्ता चाचणीतले (तोच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून केलेल्या तुलनेतले) प्रयोगशाळेचे सरासरीपासूनचे अंतरही सोबत मागावे.

खर्चाचे म्हणाल तर मोठ्या आणि मध्यम प्रयोगशाळांत हे सॉफ्टवेअरचे काम आहे, नव्या रसायनाचे नाही. अर्धस्वयंचलित मशीनवर चालणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांत निर्देशांक निघत नाहीत. तिथे हिमोलिसिसच्या पायऱ्यांचा छापील रंगतक्ता सेंट्रिफ्यूजशेजारी लावून ट्यूब त्याच्याशी पडताळता येते. कावीळ आणि गढूळपणात हा तक्ता फसतो, म्हणून अशा नमुन्यावर ‘हिमोलिसिस ठरवता आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

एकदम सगळ्या तपासण्यांना हे लावायची गरज नाही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, ग्लुकोज, एचबीएवनसी, एलडीएल आणि टीएसएच या सहांपासून सुरुवात करावी. उपचार सुरू करणे, वाढवणे, थांबवणे यांचे असंख्य निर्णय याच आकड्यांवर होतात. पोटॅशियम आणि ग्लुकोजसाठी दोन्ही वेळा आणि नमुन्याची स्थिती. क्रिएटिनिन आणि एलडीएलसाठी पद्धत आणि मागच्या आकड्याशी तुलना. एचबीएवनसीसाठी मोजणीची अनिश्चितता. टीएसएचसाठी रक्त काढल्याची वेळ आणि बायोटिनचा अडथळा येतो की नाही. मागचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेचा किंवा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर तुलना करूच नये आणि तसे लिहावे. मान्यता देणाऱ्या संस्थांनी पहिले वर्ष या ओळी फक्त तपासाव्यात, त्रुटी नोंदवाव्यात. दुसऱ्या वर्षापासून त्या नसलेला अहवाल अपूर्ण धरावा.